बाबांचा उजवा हात

मॉन्तेविदेओ, १९ जुलै

प्रिय विल्मार दादा,

तिकडे स्पेनमध्ये, मालागात तू बरा असशील असं धरून चालते. तुझ्या वाढदिवसाला आवाज रेकॉर्ड करून पाठवायला बसले होते. सहा वेळा बोलले, सहा वेळा पुसलं. म्हणून हा कागद.

तुमच्याकडे उन्हाळा असेल, इथे थंडी कडाक्याची आहे. नदीवरचा वारा स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट आत येतो, फटीत वर्तमानपत्र कोंबलंय तरी. खालच्या मजल्यावरच्या ओफेलियामावशीचा गुडघा तसाच आहे आणि जीभही तशीच. पाऊस लागला की पुऱ्या तळून वर घेऊन येते आणि विचारते, "तुझा भाऊ मेला की श्रीमंत झाला?" मी म्हणते, "दोन्ही नाही, मावशी."

बाबांना एप्रिलमध्ये झटका आला तेव्हा तू फोन उचलला नाहीस. मग मी एक ओळ लिहिली, त्यावर तुझं उत्तर आलं, "काळजी घे." मला राग आला नाही. तो यायचा हक्क मला का नाही, ते पुढे लिहितेय. लिहीन.

बाबांचा उजवा हात गेला आणि वाचा गेली. डोकं शाबूत आहे, पण ते डोळ्यांतूनच कळतं. व्यायाम करून घ्यायला जाकेलिना नावाची मुलगी येते. तिने दिलेला रबरी चेंडू त्यांनी तीन दिवस लागोपाठ जमिनीवर टाकला. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "ह्यांना आवडतं तरी काय?"

"ढोल."

"मग द्या ना हातात."

"घरात एकही नाही," मी म्हणाले. तू गेल्यावर त्यांनी पथक सोडलं आणि होते नव्हते ते सगळे ढोल देऊन टाकले, हे तुला बहुधा माहीत नसेल.

पुढच्या खेपेला ती आमच्याकडे ठेवायला लॅपटॉप आणि बोटभर लांबीचा माइक घेऊन आली. माइक जेवणाच्या टेबलाखाली चिकटपट्टीने लावला. मग टेबलाच्या मधोमध तळहाताने दहा वेळा थाप मारली, कडेला बोटांच्या पेरांनी दहा वेळा टकटक केलं, गरम पाण्याच्या थर्मासवर नखाने दहा वेळा. प्रत्येक आवाज ओळखायला त्या प्रोग्रॅमला असं शिकवावं लागतं. एकदा शिकला की टेबलावरची थाप त्याला मोठा ढोल वाटते, कडेची टकटक मधला ढोल आणि थर्मास लहान. आणि बोट नुसतं टेकवलं तरी स्पीकरमधून भरगच्च आवाज निघतो. दुबळ्या हाताला हेच हवं होतं.

बाबांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. मग जाकेलिनाकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिने दुधात पाणी घातलंय.

"खोटा आहे, मान्य," ती म्हणाली. "पण हात तुमचा खरा आहे ना? डाव्याने सुरू करा. रुसायचं ते नंतर रुसा."

त्यांनी सुरू केलं. पण आपला ताल एका हाताचा नाही, तुला माहीत आहे. डावा हात मोकळा आणि उजव्यात टिपरू. नुसत्या डाव्याने अर्धाच ताल वाजायचा. टिपरू पडायची जागा आली की ते थांबायचे आणि टेबलाच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत बसायचे. तीन आठवडे हेच चाललं. मला बघवेना आणि तिथून उठवेनाही. उगाच भांडी घासत उभी राहायचे.

एका गुरुवारी दुपारी मी लाकडी चमचा घेऊन त्यांच्या उजवीकडे जाऊन बसले आणि टिपरूच्या जागा भरल्या.

ते थांबले नाहीत. दादा, आम्ही बराच वेळ वाजवलं. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. मग एकदम त्यांनी माझं मनगट धरलं आणि हनुवटी उचलून विचारलं, हे कुठे शिकलीस? आपल्या घरात बायका नाचायच्या. ढोलाला हात लावायच्या नाहीत.

मी त्यांना जे सांगितलं, तेच आता तुला लिहिते.

नऊ वर्षांपूर्वीचा तो फेब्रुवारी. कार्निव्हलच्या मिरवणुकीहून तू पिऊन आलास आणि आजोबांचा ढोल पायाशी ठेवून कोचावर झोपलास. सकाळी तो मी उचलला. इस्ला दे फ्लोरेस रस्त्यावर बायकांचं एक पथक होतं, त्यात मी चार महिने चोरून जात होते, दर वेळी कुणाचा तरी ढोल उसना मागून. त्या दिवशी वाटलं, एकदा आपल्या घरचा वाजवावा. कातडं ताणायला आम्ही कागद पेटवून ढोल शेकत ठेवले. मी कुणाशी तरी गप्पा मारत बसले. मागे वळून पाहिलं तेव्हा एक बाजू जळत होती. आजोबांनी पिंपाच्या फळ्या जोडून केलेला ढोल, त्याच्या फळ्या सुटून उघडल्या होत्या.

तो मी पोत्यात घालून घरी आणला आणि परत तुझ्या पायाशी ठेवला. तू अजून झोपला होतास. तू उठलास की तुला सांगायचं, मग दोघांनी मिळून बाबांना सांगायचं, असं ठरवलं होतं. पण आधी बाबाच उठले.

तू म्हणालास, "मला आठवत नाही, बाबा. पण मीच असणार." मी दाराआड उभी होते. एक पाऊल टाकायचं होतं. नाही टाकलं. दीड महिन्याने तू विमानात बसलास, तेव्हाही नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातातला चमचा काढून खिडकीतून खाली टाकला. चार दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत, ओफेलियामावशीने भरवलं. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतः लॅपटॉप ओढला आणि तुझी हाक वाजवली. आठवते ना? लहानपणी तुला जेवायला बोलवायला ते गच्चीच्या कठड्यावर वाजवायचे, आणि तू गल्लीच्या टोकावरून पत्र्यावर उत्तर द्यायचास. वाजवून ते थांबले. मी तुझं उत्तर वाजवलं, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून तो दाबून धरला. मला सांगत होते, "तू नाही."

तेव्हापासून दिवसातून सात-आठ वेळा वाजवतात. वाजवतात आणि थांबतात. डॉक्टर म्हणतात, पुढचा झटका कधी येईल सांगता येत नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि तू आधीच खूप दिलंयस.

दाराआडून बाहेर आलेली,
निदिया


मालागा, ११ ऑगस्ट

निदिया,

पत्र वाचून कामावर गेलो. दोन ताटं फोडली. मालकिणीने घरी पाठवलं.

नऊ वर्षं दर मंगळवारी मी दारू सोडलेल्यांच्या बैठकीला जातो. पहिल्या दिवशी उभा राहून म्हणालो होतो, "मी माझ्या आजोबांचा ढोल जाळला." त्या एका वाक्याच्या आधारावर एकेक दिवस काढलाय. आता कळतंय की वाक्य तुझं होतं. परवा बैठकीला गेलो. काय झालं ते सांगितलं, तर एक म्हातारा म्हणाला, "पण त्या सकाळी तुला काही आठवत नव्हतं, हे तर खरं?" खरं आहे. तेवढं मी माझ्याकडे ठेवतो. बाकीचं तू घे.

पत्र पुन्हा पुन्हा वाचतोय. ढोल जळला तिथे मी थांबत नाही, चार महिने चोरून शिकत होतीस तिथे थांबतो. मला विचारलं असतंस तर मी शिकवलं असतं. बाबांशी भांडून शिकवलं असतं.

२३ तारखेला सकाळी पोचतो. विमानतळावर येऊ नकोस. तुला बघून मी काय बोलेन, माझं मलाच माहीत नाही. घरीच थांब, आणि ते वाजवायला बसले की त्यांच्या उजवीकडे बस. हात दाबला तर दाबू दे. उठू नकोस.

रागावलेला आणि निघालेला,
विल्मार