ओतोरीमावशींचं घर

आई,

मी छपरावरून कौलं खाली फेकत होतो आणि खालून टोफूवाल्या ओतोरीमावशी ओरडत होत्या, "मेल्या, गेल्या वर्षी तूच बांधलंस ना रे हे?"

"म्हणून तर कुठली पाचर काढायची ते ठाऊक आहे, मावशी. व्हा बाजूला!"

गावात तू सांगतेस, मुलगा एदोत हिकेशी आहे, आग विझवतो. नावाचा अर्थ तोच. पण पाणी आमच्या हाती फारसं नसतं. आगीच्या वाटेतली घरं आम्ही पाडतो, म्हणजे तिला पुढे जायला काही उरत नाही. म्हणून तर या कामाला पहिल्यापासून आम्हा छपरं बांधणाऱ्यांनाच बोलावलं.

पलीकडच्या छपरावर, आग इथेच अडवायची हे सगळ्यांना दाखवत, आमचा निशाणवाला उभा होता. निशाणाच्या पांढऱ्या पट्ट्या धुरात पाण्यातल्या शेवाळासारख्या हलत होत्या. राख इतकी हळू उतरत होती, की क्षणभर मला आपल्याकडचा बर्फच वाटला. मग घर बसलं. मागची गल्ली वाचली.

मी बरा आहे; भुवया तेवढ्या जळल्या. तुझा खोकला कसा आहे? रात्री झोप लागते ना?

तुझा,
तोमेकिची

ता. क. आज सकाळी मावशींच्या जागेवर पहिला खांब उभा केला. त्या समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "या वेळी पाचरी जरा घट्ट ठोक."