जाळं मोडायचं नसतं

३ सप्टेंबर १९७८, नफ्ता

आले एकदाची. तोझरहून भाड्याच्या गाडीत मांडीला मांडी लावून बसले होते, पण घर बघून शीण गेला. मालकीणबाई लल्ला शेलबिया अंथरुणाला खिळलेल्या, वरच्या खोलीत असतात. त्यांचं खाणंपिणं, आंघोळ, औषध माझ्याकडे. खाली दोनच दारं, एक गल्लीत उघडणारं, एक बागेत; खिडक्यांना गज. माझी लेक दोर्साफ तोझरला, माझ्या आईपाशी. पंधराला तिची शाळा सुरू होते. पहिल्या दिवशी हात धरून मीच नेणार, असं कबूल केलंय. सहा वर्षांची पोर, पण शब्द विसरायची नाही.

५ सप्टेंबर

बागेत डाळिंबांच्या झुडपात कोळीण सापडली. अंगठ्याच्या पेराएवढी, चंदेरी, पोटाच्या कडा कातरलेल्या, पायांवर काळे पट्टे. जाळ्याच्या मधोमध उलटी लटकलेली, खाली पांढरी नागमोडी शिवण. लल्लांचे यजमान शाळामास्तर होते. त्यांच्या कपाटातलं किड्यांचं पुस्तक काढून चित्राशी ताडून पाहिलं. तीच. माणसाला काही करत नाही म्हणे.

लल्लांना सांगितलं तर म्हणाल्या, पोरी, नाव काही का असेना, जाळं मोडू नकोस हो. हिच्याच जातीनं गुहेच्या तोंडाशी जाळं विणून पैगंबरांना वैऱ्यांपासून लपवलं. मी म्हटलं, हे मला शिकवता होय? आमची आई जाळं असलं तर त्या कोपऱ्यात केरसुणी नेत नाही.

९ सप्टेंबर

सकाळी बागेच्या दारावर चौकटभर जाळं. बाग बंद. लल्ला हसल्या, म्हणाल्या, बरकत आली म्हण की. डाळिंबं आता पाखरांच्या नशिबात.

१३ सप्टेंबर

गल्लीच्या दारावरही, बाहेरून. तळाशी हातभर फट आहे, पण माझं अंग मावायचं नाही. रोटीवाल्यानं रोटी तिथूनच आत सरकवली आणि वर बजावलं, ताई, मोडू नका, पाप लागेल. उद्या निघायचंय. हसावं की रडावं कळेना.

१४ सप्टेंबर

अल्लाची माफी मागून हात घातला. तुटत नाही. कात्री चालत नाही. बोटांची सालं निघाली. घसा बसेपर्यंत ओरडले. शेजारी आले, जाळं बघून सुभानअल्ला म्हणाले, गेले.

जाळ्यात कोळीण नाही. पुन्हा पुस्तक. ही ती चंदेरी नव्हेच. ही दुसरी जात — मध्ये बसत नाही. आडोशाला दडते, एका धाग्यावर पाय ठेवून. धागा हलला की तिला कळतं.

तो धागा शोधला. चौकटीवरून जिन्यावर. जिन्यावरून वरच्या खोलीत. लल्लांच्या गोधडीखाली.

१५ सप्टेंबर

मला भीती वाटते. वर गेले नाही. लल्लाच वरून म्हणाल्या, किती धडपडतेस, बस जरा. आवाज तरुण झालाय.

शाळा भरली असेल. दोर्साफ वाट बघून —

दुपार. गल्लीत आईचा आवाज. दोर्साफचाही. मला न्यायला आल्या — मी पळा म्हणते, घशातून नुसती हवा —

वर खाट करकरली. लल्ला लाडानं विचारताहेत, कोण गं, लेक आली का?

दाराशी दोर्साफचे बूट. नवे, शाळेचे. शहाणी पोर माझी. आजीला सांगते आहे, जाळं मोडायचं नसतं, माहितीये मला, मी खालच्या फटीतून —