फोन उचलायचा नाही

५ फेब्रुवारी २००७
वर्ध्याच्या आमच्या मनोविकार वॉर्डात अखेर कॉम्प्युटर आला. आठ जणांच्या नर्सिंग स्टाफमध्ये तो फक्त मला चालू करता येतो. बंद करता येत नाही. शिकेन. योजना तयार आहे. घरी गेलेल्या पेशंटने रोज संध्याकाळी सहाला गोळी घ्यायची आणि माझ्या मोबाईलवर मिस्ड कॉल द्यायचा. मी एक्सेलमध्ये १ टाकणार. गावोगाव फिरणं बंद! इन्चार्ज प्रमिलाबाईंना सांगितलं, मानसिक नर्सिंगमध्ये क्रांती होणार. त्या म्हणाल्या, आधी सात नंबरची चादर बदला.

९ फेब्रुवारी
१ टाकला की चौकोन आपोआप हिरवा, नाही टाकला की लाल. म्हणजे कॉम्प्युटर आता स्वतः विचार करतो. कल्पना माझी. बटणं हेमराजने दाबली. वडनेरचा पेशंट, वय चोवीस. हिंगणघाटला कॉम्प्युटरचा कोर्स करतानाच त्याला आवाज ऐकू यायला लागले. आता बराच सुधारलाय. मला 'प्रेमदास सर' म्हणतो. बाकी सगळे नुसतं ब्रदर.
त्याने विचारलं, सर, पण फोन कोनं केला अन् काऊन केला, हे याले कसं समजन? म्हटलं, तू पेशंट आहेस, आराम कर.

१४ फेब्रुवारी
हेमराजला सुट्टी. आई यशोदाबाई न्यायला आल्या. त्यांना वाचता येत नाही. हिरवं बटण दोनदा, एक रिंग गेली की लाल, हे अर्धा तास शिकवलं. मी फोन उचलणार नाही, हेही बजावलं. उचलला की पद्धतच मोडते. त्या म्हणाल्या, अन् काही अडचन आली तं? म्हटलं, मी आहे ना. येईन.
जाताना हेमराजने माझा हात बराच वेळ धरून ठेवला. म्हटलं, अरे, बस चुकेल.

२८ फेब्रुवारी
सहा पेशंट, चौदा दिवस, सगळं हिरवं. शंभर टक्के! पुढच्या महिन्यात नागपूरच्या परिषदेत पेपर वाचायचं नक्की केलं. प्रमिलाबाई म्हणतात, एकदा घरी जाऊन तोंडं तरी बघून या. येत्या रविवारी जाणारच.

४ मार्च, रविवार
ऊन फार. शिवाय धुळवड, रंग टाकतात. पुढच्या रविवारी.
यशोदाबाई दोन दिवस झाले फोन कट करायला विसरतात. वाजतच राहतो. मीच कट करतो. एवढं शिकवूनही.

९ मार्च
आज यशोदाबाईंचे अकरा मिस्ड कॉल! दुपारपासूनच. शीटमध्ये दिवसाला एकच मोजता येतो, ही उणीव दूर करायला हवी. पेपरमध्ये नवा मुद्दा: 'नातेवाइकांचा वाढता सहभाग'. प्रमिलाबाई म्हणाल्या, अहो, लावा त्यांना फोन. लावणारच होतो. स्लाइडमध्ये अडकलो.

१० मार्च
वडनेर लाल. पहिल्यांदाच.

१२ मार्च
तीन दिवस लाल. माझे शंभर टक्के गेले. उद्या रजा टाकून वडनेरला जातो. यशोदाबाईंना समज देईन. हेमराजला मात्र चांगलंच सुनावणार. चौकोन त्यानेच बनवले, निदान त्याने तरी असं करायला नको होतं. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं आहे.

१३ मार्च
गेलो होतो. अंगणात माणसं बसलेली. शेजारच्या मोतीलालने बाजूला घेऊन सांगितलं.
होळीच्या आदल्या दिवशी हेमराज घरातून निघून गेला. त्याआधी आठवडाभर तो आईसमोर गोळी तोंडात टाकायचा आणि मागे जाऊन थुंकायचा. आईला वाटायचं, घेतली. ती मला मिस्ड कॉल द्यायची.
शुक्रवारी गावातल्या एकाला तो पुलगाव स्टेशनवर बसलेला दिसला. घरी चल म्हटलं तर उठेना. म्हणाला, प्रेमदास सर आले तं येतो. त्या माणसाने वडनेरला कळवलं. यशोदाबाई दुपारपासून मला फोन लावत बसल्या. वर्ध्याहून पुलगाव गाडीने अर्धा तास.
शनिवारी सकाळी तो रुळाच्या कडेला सापडला. ओलांडताना गाडी आली की काय झालं, कोणालाच माहीत नाही.
मोतीलालला म्हणालो, आमची पद्धत अशी आहे की फोन उचलायचा नसतो. तो परत माणसांत जाऊन बसला.
यशोदाबाई बाहेर आल्या. रडत नव्हत्या. पाण्याचा गिलास दिला, समोर बसल्या. विचारलं, साहेब, तुमचा मोबाईल बिघडला होता का?
मी हो म्हणालो.
मले वाटलंच, म्हणाल्या. मी साऱ्याइले तेच सांगून राह्यली. त्याइचा फोनच बिघडला असन, नाई तं सर आलेच असते.