हेड्रियनच्या कडेचा सांधा

बबडे,

तू पाठवलेलं नाणं बाबा अजून पुन्हापुन्हा हातात घेऊन कडेवरून नख फिरवताहेत. पाकीट फोडलं तेव्हा चेहरा कसा फुलला होता. "अगं, रोमचा बादशहा हेड्रियन दारात आलाय आणि तू भांडी घासतेस?" म्हणत मला ओढत आणलं. मग नख एका जागी अडकलं आणि त्यांनी नाणं दिव्याखाली धरलं.

हातोड्याने ठोकलेल्या खऱ्या नाण्याच्या कडेला सांधा नसतो. साच्यात ओतलेल्या नकलेला असतो. तुझ्या हेड्रियनला आहे.

मी म्हटलं, "पोरीला कळवू या. पहिल्या पगारातून घेतलंय, दुकानदार परत तरी घेईल."

"कळवून तर बघ," ते म्हणाले. "पुन्हा म्हणून ती माझ्यासाठी नाणं आणायची नाही."

त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या रोमन नाण्यांच्या खणातला मधला कप्पा रिकामा केला आणि तुझं नाणं तिथे ठेवलं. मला राहवलं नाही म्हणून लिहिलं. पाठवणार मात्र नाही.

तुझी आई

ता. क. सकाळी तुझा फोन आला. बाबांनी तुला बादशहाची दाढी केसन् केस वर्णन करून सांगितली आणि फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, नाक अगदी बाबांसारखं आहे.