चिंचेच्या साराचं पातेलं

चितेगाव, मंगळवार

आदरणीय विहीणबाईंना साळूबाईचा नमस्कार. तुमचे गुडघे बरे असतील, व्याहीबुवांचा खोकला गेला असेल आणि आपला नातू शिवम (सायली इकडं बाळंतपणाला आल्यापासून तुमच्याच मांडीवर) पोटभर जेवत असेल, असं धरून चालते. पोराच्या हाती पत्र पाठवलं म्हणून घाबरू नका. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाय, आणि यावेळी मला मधेच रडू येईल. सायली तशी बरी आहे. सातवा सरला.

तर झालं असं, की अंगणवाडीत शिशाची तपासणी आली. गरोदर बायका आणि पाच वर्षांच्या आतली लेकरं, सगळ्यांचं रक्त घेणार. मी सायलीला नेलं ते मिरवायलाच. आमच्या घरात प्लास्टिक नाय, जर्मलचं भांडं नाय, सगळं पितळेचं, असं नर्सबाईला कुणी न विचारता सांगून टाकलं. (तुम्ही मला ओळखता.) तर सायलीच्या रक्तात लई शिसं निघालं. पोटातल्या बाळालाही ते पोचतं म्हणे, आणि लहान लेकरांच्या मेंदूला बाधतं.

आता गल्लीच्या तोंडाला धोंडिबा जुन्या बॅटऱ्या फोडतो, आतल्या शिशासाठीच. मग काय, पदर खोचला, चार बायका घेतल्या आणि त्याच्या दुकानापुढं ठाण मांडलं. काय काय बोलले ते पत्रात लिहिता येत नाय. आमचे हे समजूत घालायला आले, तर त्यांचाही उद्धार केला. धोंडिबानं मुकाट्यानं शटर ओढलं. (धंदा त्याचा वाईटच. त्याच्या नातीचं रक्त तपासायला मी नंतर त्याला सांगून आले. त्यानं चहा पाजला. कप कशाचा आहे ते आधी बघितलं, मग प्याले.)

त्यानंतर तपासणीवाली विशाखा घरी आली, हातात शिसं ओळखणारं पिस्तुलासारखं यंत्र. भिंतीला लावलं, हळदीला लावलं, सायलीच्या कुंकवाला लावलं. मी मागं मागं, की बाई, उगं कशाला वेळ घालवती? मग तिनं ते ओट्यावरच्या पातेल्याला लावलं, आकडा बघितला आणि पुन्हा लावलं. आत चिंचेचं सार होतं. सायलीला आंबटाचे डोहाळे, म्हणून रोज मीच करत होते. नको म्हणाली तरी वाटी तोंडाला लावत होते. पातेल्याची कल्हई कशी लख्ख, पण तिच्यात शिसं मिसळलेलं. आंबटानं ते सारात उतरतं. विहीणबाई, माझ्या लेकीला मी माझ्या हातानं ते पाजलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, महिन्यानं पुन्हा रक्त बघणार. बाळाचं आत्ताच सांगता येत नाय म्हणाले. सायली मला एका शब्दानं बोलली नाय. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

व्याहीबुवांना नमस्कार, शिवमला गोड पापा.

तुमची,
साळूबाई

ता. क. तुमच्याकडचं पितळी पातेलं आजपासून चुलीवर चढवू नका.

ता. क. दुसरा. लिहायचं होतं ते हेच, पण हात वळत नव्हता. सायलीच्या लग्नात मी सारखी दोन पातेली घेतली होती, एक मला, एक सायलीला. दर दिवाळीला तुमचं मागवून घेऊन दोन्हींना एकाच माणसाकडून कल्हई करते. (तुमच्या बिडकीनच्या कल्हईवर माझा भरवसा नव्हता.) शिवमचं वरण त्यातच शिजतं. तो साडेतीन वर्षांचा झाला तरी बोलत नाय, तेव्हा तुम्ही म्हणालात, आजोबांवर गेलाय, आणि आपण दोघी लई हसलो. गुरुवारी तुमच्या अंगणवाडीत तपासणी आहे. त्याला घेऊन जा. टोचल्यावर रडेल, रडू द्या. मी सकाळच्या पहिल्या गाडीनं येते. मला काय बोलायचं ते तेव्हा बोला. मी मधे बोलणार नाय.