बिननावाचं वादळ

२ डिसेंबर
पाय धुवायला कुणी तांब्याभर पाणी दिलं न्हाय, ते आधी लिहिते. हात जोडून 'शरणार्थी' म्हणायचं ते मागनं. ईटाहून सास्तूर म्हंजी कंबरडं मोडायचं काम. पण घर झकास हाय, भूकंपानंतरचं, सिमेंटाचं. नातसून शिवांजलीला सातवा लागलाय. माहेरी कुणी न्हाय, म्हणून मला आणलं. नातू सोमेश जहाजावर सैपाकी, तिकडं मद्रासच्या दर्यात. दुपारभर शेंगा फोडल्या. पोरगी बोलत न्हाय, फोन धरून बसती. म्या म्हणलं, इतकं उबवून त्यातनं पिल्लू निघायचं हाय का? तवा हसली.

३ डिसेंबर
टीव्हीवाला म्हणला, दर्यात कमी दाबाचा पट्टा झालाय. हितं आभाळ कोरडं ठक्क. सोमेशचा फोन लागंना. दर्यात रेंज नसती, म्या म्हणलं. तुमाला दर्यातलं काय कळतंय, शिवांजली म्हणली. खरंय. पण ईटाला भांडायला निदान शेजारीण होती. हितं भिताडं.

४ डिसेंबर
पट्टा वाढला. तरी बारकाच हाय म्हणे, म्हणून त्याला नाव ठेवत न्हाईत. बारशाआधी गेलेल्या लेकरागत. अशांचं लई वाईट. दुसऱ्याच्या नावानं दारात येत्यात.
भर दुपारी अंगणातनं हाक आली, "शिवू." सोमेशचाच आवाज. पोरगी उठली, म्या दंडाला धरून बसवली. एका हाकेला ओ देऊ नये, देणाऱ्याला घिऊन जातंय. माणूस तीनदा हाक मारतंय, ते दुसरं एकदाच.
दार उघडलं. कुणी न्हाय. पायरी ओली. बोट लावून चाखलं. खारट.

५ डिसेंबर
परत दुपारी. एकच हाक. आता उंबऱ्यापाशी. शिवांजली रडली, म्हणली तुमी दगड हाव. हाय मी दगड. जहाजाचा पत्ता न्हाय. पिठाचा डबा उघडला तर आत पीठ भिजलेलं —

६ डिसेंबर
टीव्हीवाला हसत म्हणला, दर्यातल्या दर्यात विरलं, किनाऱ्याला धक्का न्हाय. जहाजाचं कायच बोलला न्हाय.
विरलं म्हंजी गेलं कुठं? ज्यानं ओ दिली त्याच्या —
आज हाक आली न्हाय. ते जास्त वाईट.

७ डिसेंबर
दुपार. हाक आली.
दुसरी बी आली. दुसरी कधी येत न्हाय —
पोरगी दाराकडं चाललीय. एका हातानं कडी धरलीय, एका हातानं लिहिते. दाराखालनं पाणी —
तिसरी.
आता गप बसून भागत न्हाय. खरा असला तर आजीचा आवाज ओळखंल. नसला तर म्हातारी घिऊन जाऊ दे, लई वापरलेली हाय.
आधी तोंड उघडलं तर तीच ओ ठरंल, म्हणून हितं लिहून दावते. वाच, शिवांजली. तोंडात पदर कोंब. मागं सर. ओ तू द्यायची न्हाय. ओ म्याच देणार, तू न्हाय, तू —