बेचाळीस हजार आणि दादाची मिशी

अंधेरी (पूर्व),
२२ नोव्हेंबर १९८६

तीर्थस्वरूप काशीरामदादा यांस,
धाकूचा दंडवत. आम्ही सगळे इथे बरे आहोत. जानकीचा गुडघा अजून कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमी. तुझी तब्येत कशी आहे हे विचारायची हिंमत होत नाही, कारण तुझं परवाचं पत्र मिळालं. पत्र कसलं, कागदावरची मारामारीच ती. पेनाचं टोक दोन ठिकाणी आरपार गेलंय. त्यात तू विचारतोस की, रे मेल्या, ही कसली तुझी बँक? अर्धी चड्डी घातलेला माणूस स्कूटरवरून येतो, ओसरीवर उभा राहून घरच्या बाईदेखत पुरुषाला नको ते प्रश्न विचारतो, उत्तर दिल्यावर 'नक्की ना? नक्की ना?' म्हणून तीनदा खातरजमा करतो, आणि मग ज्या नोटा देतो त्यांना सुरमईचा वास येतो!

दादा, तुझा राग रास्त आहे. पण तो माणूस बँकेचा नव्हता. आता पहिल्यापासून सांगतो, म्हणजे शिव्या कुणाला द्यायच्या ते तुला ठरवता येईल.

मंगळवारी संध्याकाळी तुझी तार आली की चौकेकर भाताची गिरण विकतोय, बेचाळीस हजार, उद्या चारच्या आत रोख, नाहीतर साडेचारच्या बेळगाव एसटीत बसण्याआधी तो ती सावंताला देणार. मी ती तार जानकीला तीनदा वाचून दाखवली. संपात आमची गिरणी गेली, चार वर्षं हेलपाटे घालून हिशेबाचे पैसे हातात आले, आणि संपापासून मी इथे औषधाच्या कंपनीत खोकी बांधतोय. आता स्वतःची गिरण (लहान का होईना, भात भरडणारी का होईना, पण जिला टाळं लावायचं तर मीच लावीन अशी) एका दिवसावर येऊन ठेपली होती. अंगावर पैसे घेऊन एसटीनं निघालो असतो तर गुरुवार उजाडला असता. ड्राफ्ट पोस्टानं गेला असता तर सावंताच्या नातवाच्या बारशाला पोचला असता. तेव्हा जानकीच म्हणाली की बँकेतून तारेनं पैसे पाठवतात, त्याच दिवशी मिळतात, आणि चोराच्या बापाला हात लावता येत नाही. शेवटचं खरं निघालं. चोराच्याच काय, कुणाच्याच बापाला हात लावता आला नाही.

बुधवारी दहाला बँक उघडली तेव्हा पहिला मी. तारेनं पैसे पाठवायची रीत अशी आहे, दादा, की तार कुणीही करू शकतो, म्हणून ती खरी आहे हे तिकडच्या बँकेला कळावं यासाठी तारेत एक गुप्त आकडा घालतात. हा आकडा रोज बदलतो आणि एका माणसाच्या हाती नसतो. अर्धा एका साहेबाच्या कुलपातल्या यादीवरून काढायचा, अर्धा दुसऱ्याच्या, आणि दोन्हींची बेरीज तारेवर मांडायची. म्हणजे दोघांनी संगनमत केल्याशिवाय लबाडी करता येत नाही. आमच्या शाखेत ही भीती मुळीच नाही, कारण त्या दोघांचं गेले सात महिने बोलणंच नाही. एक मधुकर पाटणकर, दुसऱ्या शुभा दळवी. शाखेची सहल अक्सा बीचवर गेली होती, तिथे अंताक्षरीत पाटणकरांनी दळवीबाईंना बाद ठरवलं. बाई म्हणतात अक्षर 'ळ' आलंच होतं कसं, आणि पाटणकर म्हणतात नियम म्हणजे नियम. तेव्हापासून दोघांच्या टेबलांमध्ये दहा फूट अंतर आहे आणि त्या दहा फुटांचा कारभार शिपाई सांभाळतो. शिपाई त्या दिवशी मेव्हण्याच्या घरभरणीला गेला होता. (मॅनेजर मीटिंगला. मॅनेजर नेहमी मीटिंगलाच असतात.)

म्हणून शिपाई झालो मी. पाटणकरांनी आकडा काढला, चिठ्ठीवर लिहिला, मी वाचू नये म्हणून चार घड्या घातल्या आणि माझ्याच हातात दिली. ती बाईंनी उघडली, मान वर केली, पाटणकरांच्या टेबलावरचं कॅलेंडर पाहिलं, आणि गोड हसल्या. साहेबांनी कॅलेंडरचं पान उलटलंच नव्हतं. आकडा मंगळवारचा होता. आता दहा फुटांवरून 'अहो, आज बुधवार' एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? पण बाईंनी चिठ्ठीवर लिहिलं, 'तारीख पाहावी.' ती मी नेली. उत्तर आलं, 'आपण आपलं पाहावं.' ती आणली. मग 'अंताक्षरी नव्हे, बँक आहे' अशी एक गेली. दादा, मी बेचाळीस हजारांचा मालक, हात जोडून या टेबलावरून त्या टेबलावर, आणि भिंतीवरचं घड्याळ पळतंय. शेवटी मीच जाऊन ते पान फाडलं. पाटणकर माझ्यावर ओरडले, पण बुधवार झाला. हे सगळं होईस्तोवर सव्वा वाजला. (एव्हाना तो गुप्त आकडा मला पाठ होता, आणि बाकीच्या गिऱ्हाइकांनाही, कारण मी तो भीतीनं पुटपुटत होतो.) तार घेऊन तारघरात धावलो, तर तिथला बाबू म्हणाला की रत्नागिरीच्या पुढे तारेची लाइन पडली आहे. लाइन लागली की जाईल. कधी लागेल? लागली की लागेल.

मी बँकेच्या पायरीवर येऊन बसलो. खोटं कशाला सांगू, रडलो. पैसेही बँकेत आणि गिरणही सावंताकडे, असं डोळ्यांसमोर दिसत होतं.

तिथे पार्वती आली. ही खारदांड्याची कोळीण, रोज टोपली घेऊन आमच्या चाळीत येते. मला बघून म्हणाली, "अरं दादा, बँकेत मेलं कोन?" मी सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, टोपली पायरीवर ठेवली आणि मला हाताला धरून नाक्यावरच्या बर्फाच्या डेपोत नेलं. तिथे फोन आहे, आणि फोनची लाइन बेळगाववरून जाते, ती चालू होती. आपल्या गावाजवळच्या वेंगुर्ल्याच्या बंदरावर तिचा भाचा लहू मासळी घेऊन इकडे धाडतो, त्याला आठपट पैशांचा लायटनिंग कॉल लावला आणि सांगितलं की बोटवाल्यांना द्यायला ठेवलेत त्यातले बेचाळीस हजार आत्ताच्या आत्ता अमक्याच्या घरी पोचव. एवढंच. मी बँकेची पावती पुढे केली तर म्हणाली, "हा कागुद तुज्याकडंच ठेव, भिजंल." विश्वास कसा टाकलास विचारलं, तर म्हणाली की अकरा वर्षं वाट्यावरून माझ्याशी भांडतोस, पण कधी एक बांगडा जास्तीचा उचलला नाहीस. दादा, मी उद्यापासून भांडणार नाही एवढंच म्हणालो. त्यावर ती म्हणाली, तसं केलंस तर गिऱ्हाईक आजारी आहे असं वाटेल.

पण बाई हुशार. लहूनं तुला कधी पाहिलेलं नाही. भलत्याच काशीरामाच्या हाती पैसे गेले तर? म्हणून तिनं मला विचारलं, तुझ्या भावालाच ठाऊक असेल आणि दुसऱ्या कुणाला नसेल असं काहीतरी सांग. लायटनिंग कॉल चालू, डेपोवाला शेठ घड्याळाकडे बघतोय, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. अठ्ठावन्न साली तू मिशी काढलीस. गावाला सांगितलंस दिवाळीत फटाक्यानं जळाली. (लग्नानंतर मंजुळावहिनीलाही तेच, आणि त्यात शेजारच्या पोराला वाचवल्याचं तू वाढवलंस.) ब्लेड मी आणून दिलं होतं. पोस्टमास्तरांची चंपा म्हणाली होती की मिशी सुरवंटासारखी दिसते. तेव्हा मी लहूला सांगायला लावलं: विचार, मिशी कुणासाठी काढली? उत्तर चंपा आलं तरच पैसे दे.

वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत असतील हे मला अंधेरीत बसून कसं दिसणार?

असो. साडेतीनला पैसे मिळाले, चौकेकर एसटीत बसला, गिरण आपली झाली. वहिनी तीन दिवस बोलत नाहीत म्हणतोस. पाटणकर आणि दळवीबाईंचे सात महिने झालेत, त्या मानानं तुझं अजून बरं आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकू

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. लाइन लागली. बँकेची तार नवव्या दिवशी पोचली आणि काल तुमच्या खात्यात बेचाळीस हजार जमा झाले, असं पाटणकरांनी स्वतः सांगितलं. ते पैसे आपले नाहीत, लहूचे आहेत. येत्या शुक्रवारी त्याला बोटवाल्यांना द्यायचे आहेत आणि पार्वतीचा शब्द अडकलाय. काढून रोख नेऊन दे. कृपा करून तारेनं पाठवू नकोस. खातं दोघांच्या नावावर आहे, वहिनींची सही चालते.

आणखी एक : लहू काल मासळीच्या ट्रकबरोबर इथे आला होता. तो म्हणाला, तुमच्या भावानं चंपा सांगितलं नाही. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा 'वनमाला' म्हणाला. मग पैसे कसे दिलेस, असं पार्वतीनं दरडावलं, तर म्हणाला, मावशी, चोर असता तर असं नाव घ्यायला बायको आत जायची वाट बघितली असती. दादा, वनमाला कोण?

सर्वात शेवटचं : वहिनी, घरातली पत्रं आधी तुम्हीच उघडता हे मला ठाऊक आहे. साष्टांग नमस्कार. दादाला घरात घ्या आणि लहूचे पैसे द्या. दोन्ही एकदम जमणार नसेल, तर पैसे आधी.